कॅसची एक्सेल शीट आणि कंसातलं वाक्य

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यातली १६ वर्षांची मुलगी, आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्या भाषेत अकरावीला. सहा विषय, टीओके (थिअरी ऑफ नॉलेज), एक्स्टेंडेड एसे (मोठा संशोधन-निबंध) आणि त्यावर कॅस, म्हणजे क्रिएटिव्हिटी, अ‍ॅक्टिव्हिटी, सर्व्हिस. आईने तिच्यासाठी एक्सेल शीट बनवलीये, तीन रंगांचे तीन कॉलम. निळ्यात गिटारचा क्लास (तिला आता कंटाळा आलाय), हिरव्यात आठवड्यातून दोनदा बॅडमिंटन, नारिंगीत दर रविवारी सकाळी १० वाजता शाळेच्या ग्रुपबरोबर जवळच्या वस्तीत इंग्रजी शिकवणं. तिथे पहिल्या रविवारी १४ मुलं होती, आता ४ येतात. नारिंगी कॉलम कमी भरतोय म्हणून आई दिवाळीच्या सुट्टीत एका पेड ट्रिपला पाठवायचं म्हणतेय, ६ दिवस, डोंगरातलं गाव, शाळेच्या भिंती रंगवायच्या, शेवटी सर्टिफिकेट. दरम्यान मैत्रिणीबरोबर ही दोनदा ढोल पथकाच्या सरावाला जाऊन आली आणि तिला ते प्रचंड आवडलं, पण आईचं म्हणणं की ते कॅसमध्ये बसत नाही आणि गणपती होईपर्यंत अभ्यासाचं वाटोळं होईल. रिफ्लेक्शन्स, म्हणजे कॅसमधल्या अनुभवांवर स्वतः लिहायची टिपणं, ती एआयकडून लिहून घेते. झोप ५ तास. शेवटी लिहिलंय, "ताई, तिन्ही गोष्टी बॅलन्स कशा करू? पथक सोडू का? आणि मी फ्रॉड आहे का?"

अगं, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. नाही, तू फ्रॉड नाहीस, फ्रॉड माणसं असं पत्र लिहीत नाहीत. पण रिफ्लेक्शनचं जे चाललंय ते थांबवायचंच आहे, त्यावर येतेच पुढे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ठिकाणी अडकले. मुलं कमी झाली हे सांगताना तू एक वाक्य कंसात टाकलंयस, "(त्यातली एक मोठी मुलगी मागे म्हणाली होती की ताई रविवारी आमच्याकडे पाणी येतं, भरायला थांबावं लागतं)". कंस बंद, आणि पुढच्या ओळीत थेट गिटारच्या फीवर गेलीस. ते वाक्य लक्षात ठेव, आपण परत तिथे येणार आहोत.

आधी तुझ्या पत्राच्या मुळाशी जे गृहीत धरलंयस त्याबद्दल बोलू. तुला आणि आईला दोघींनाही वाटतंय की कॅस म्हणजे तीन बरण्या आहेत आणि तिन्ही सारख्या भरल्या पाहिजेत, नाहीतर डिप्लोमा गेला. ही समजूत काही हवेतून आलेली नाहीये, कारण पूर्वी खरंच तासांचा हिशोब असायचा, १५० चा आकडा होता आणि मुलं मिनिटं मोजायची. आता तसं नाहीये. आता बघतात ते हे की सुमारे १८ महिने तू सातत्याने काहीतरी करत होतीस का, तिन्ही अंगं त्यात कुठे ना कुठे आली का, निदान एक महिनाभर चाललेला एक प्रोजेक्ट झाला का, आणि सात लर्निंग आउटकम्सपैकी (कॅसमधून काय शिकलीस हे दाखवणाऱ्या गोष्टी) प्रत्येक निदान एकदा तुझ्या पोर्टफोलिओत दिसतो का. शाळेच्या कॅस कोऑर्डिनेटरशी तीन इंटरव्ह्यू होतात. मार्क नाहीत. डिप्लोमाच्या ४५ पैकी एकही पॉइंट कॅसचा नाही, पूर्ण झालं किंवा नाही झालं एवढंच, पण नाही झालं तर डिप्लोमा मिळत नाही, त्यामुळे हलक्यातही घ्यायचं नाही. हे सगळं तुझ्या शाळेच्या कॅस हँडबुकमध्ये असणार, आईबरोबर बसून एकदा नीट वाच, मला वाटतं निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आणि एक गोष्ट जी एक्सेलमध्ये दाखवताच येत नाही ती म्हणजे एकच अनुभव दोन किंवा तिन्ही रंगांचा असू शकतो. तशी परवानगी आहे. उलट ही कल्पना जिथून आली तिथे ते वेगळे नव्हतेच. कुर्ट हान नावाचे एक जर्मन शिक्षक होते, हिटलरच्या विरोधात बोलले म्हणून १९३३ मध्ये तुरुंगात गेले आणि सुटल्यावर ब्रिटनला आले. त्यांच्या विचारांवर १९६२ मध्ये वेल्सच्या समुद्रकाठी अटलांटिक कॉलेज सुरू झालं, आणि आयबीच्या जडणघडणीत त्या कॉलेजचा मोठा हात आहे. (त्याच परिवारातलं एक कॉलेज १९९७ पासून तुझ्या पुण्याजवळ पौडला डोंगरावर आहे.) तर त्या वेल्सच्या कॉलेजमधली पोरं समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायला लाइफबोट चालवायची. तिथल्या लाटांना साध्या बोटी टिकेनात, म्हणून मुलं आणि त्यांचे प्रिन्सिपॉल, जे स्वतः नौदलातले निवृत्त अधिकारी होते, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बोटी बनवून बघत राहिले, खाली टणक तळ आणि कडेने हवा भरलेली रबरी नळी. आज तटरक्षक दलं, रेस्क्यू टीम्स जगभर ज्या प्रकारच्या बोटी वापरतात त्या प्रकाराचा जन्म या खटपटीतून झाला, आणि त्याचं पेटंट ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला एका पौंडात देऊन टाकलं. आता मला सांग, बोटीचं डिझाइन करणं निळ्या कॉलममध्ये टाकायचं, थंडगार पाण्यात ती चालवणं हिरव्यात आणि माणूस बाहेर काढणं नारिंगीत? त्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी आपल्याकडे वेड्यासारखं बघितलं असतं.

तर आता पथक. तू लिहिलंयस की पहिल्या दिवशी ढोल कमरेला बांधल्यावर दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या, टिपरू हातातून दोनदा सटकलं, आणि दुसऱ्या बाजूने थाप मारून मारून तळहात लाल झाला, पण जेव्हा पहिल्यांदा सगळ्यांचा ठोका एकत्र पडला तेव्हा अंगावर काटा आला. बाळा, ह्यात दम लागतोय, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी आहे. ताल शिकतेयस, नवीन हात (म्हणजे वादनाचे प्रकार) बसवतेयस, म्हणजे क्रिएटिव्हिटी आहे. पन्नास-साठ जणांत एकाचा ठोका चुकला की सगळ्यांना कळतं, म्हणजे एकत्र काम करणं ज्याला म्हणतात ते आहे, आणि कमिटमेंट म्हणशील तर पावसात ताडपत्रीखाली उभं राहून तासभर एकच हात वाजवणं ह्यापेक्षा आणखी काय असते. बसत नाही कुठे? फक्त कोऑर्डिनेटरकडे आधी जाऊन बोल, मागून नाही. पूजाअर्चा किंवा धर्मप्रचार कॅसमध्ये साधारणपणे धरत नाहीत, त्यामुळे तू वादन शिकतेयस हे स्पष्ट सांग, तुझं ध्येय काय (ह्या सीझनला अमुक इतके हात बसवायचे, न थांबता तासभर वाजवता आलं पाहिजे) ते लिहून ने, आणि पथकातलं कोणी मोठं माणूस सुपरवायझर म्हणून सही करेल का तेही विचारून ठेव. ते नाही म्हणाले तरी मी म्हणेन जा, फक्त मग ते कॅससाठी नाही, तुझ्यासाठी.

आईची काळजी मात्र फालतू नाहीये हं. सराव रात्री उशिरापर्यंत लांबतो, घरी कसं यायचं हा प्रश्न आहे, आणि गणपतीच्या आधीचे दोन आठवडे पोरं शाळेत झोपा काढतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून आईशी पथक हो की नाही ह्यावर वाद घालू नकोस, अटींवर बोल. आठवड्यात तीनच दिवस, साडेनऊला घरी, कोण सोडणार ते ठरलेलं, आणि शाळेत अमुक सबमिशन असेल त्या आठवड्यात सुट्टी, हे पथकप्रमुखांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. काही पथकं हे ऐकून घेतात, काही घेत नाहीत. जे घेत नाहीत ते तुझं पथक नाही. आणि कानात फोमचे इअरप्लग घाल, कापूस कोंबून काही होत नाही. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन् तास ऐकत राहिलं तर कान कायमचे बिघडू शकतात, आणि पथकाच्या मध्ये उभं राहिल्यावर आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. हसतील चार जण, हसू देत.

ह्याच आवाजातून तुला तुझी सर्व्हिस पण मिळू शकते, असं मला उगाच वाटून गेलं. सराव चालतो तिथे आजूबाजूला सोसायट्या असणारच, त्यात म्हातारी माणसं, तान्ही बाळं, बारावीची मुलं. त्यांना काय वाटतं हे पथकातलं कोणी जाऊन कधी विचारलंय का? तू आणि मैत्रीण दहा घरांत जा, ऐकून घ्या, शिव्या पण ऐका, आणि मग पथकाच्या मीटिंगमध्ये ते मांडा, बघा वेळ बदलता येते का, ढोल संख्येने कमी ठेवता येतात का, एखादा वार पूर्ण शांत ठेवता येतो का. आपल्याला जे आवडतं त्याचा दुसऱ्याला त्रास होतोय का हे तपासणं, म्हणजे सात आउटकम्समधला तो शेवटचा एथिक्सवाला, जो पोर्टफोलिओत आणायला पोरं डोकं फोडून घेतात. आणि सर्व्हिस म्हणजे दर वेळी समोर उभं राहून शिकवणंच असतं असंही नाही, एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करणं, लोकांचं म्हणणं योग्य ठिकाणी पोचवणं हेही कॅसमध्ये सर्व्हिस म्हणून धरतात.

आता त्या कंसावर येऊ.

माझी एक गोष्ट सांगते आधी. मी कॉलेजला एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत होते. राज्य बोर्डाच्या वाचकांसाठी सांगते, एनएसएस १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालं, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर, म्हणजे कॅसचं नाव न घेता आपल्याकडे हे कधीपासून चालू आहे. तर आमचं शिबिर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात होतं आणि आम्ही शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, खणायला घेतला. जागा सरांनी कॉलेजात बसून नकाशावर ठरवलेली. तीन दिवस आम्ही घाम गाळला, हाताला फोड आले, गाणी म्हटली, फोटो काढले. समोरच्या पारावर एक आजी रोज येऊन बसायच्या आणि बघत राहायच्या. चौथ्या दिवशी मी त्यांच्याशेजारी पाणी प्यायला बसले तर म्हणाल्या, "खड्डा झ्याक झालाय पोरी, पन पावसाळ्यात हितं खालनंच पानी वर येतंया." मी म्हटलं आजी आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "कुनी इचारलं?" मला त्या शिबिरात उत्कृष्ट शिबिरार्थीचं सर्टिफिकेट मिळालं. पुढच्या वर्षीच्या बॅचने तो खड्डा बुजवला, त्यांनाही श्रमदानाचे तास मिळाले.

तुझ्या त्या मुलीने तर न विचारता सांगितलंय गं. रविवारी पाणी येतं. तिला हंडे भरायला थांबावं लागतं, म्हणजे १० वाजता तुमच्या वर्गाला यायचं की पाणी भरायचं हा तिच्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिच्या घरात आधीच ठरलेलं आहे. १४ ची ४ मुलं झाली ती तुझं इंग्रजी वाईट आहे म्हणून झाली असतील असं नाही. कदाचित फक्त वेळ चुकलीये, कारण ती वेळ तुमच्या बसच्या सोयीने ठरली. किंवा कदाचित त्यांना इंग्रजी नकोच आहे, गणित हवंय, किंवा नुसतं बसून अभ्यास करायला शांत जागा हवीये. मला माहीत नाही, तुलाही नाही, पण विचारायला एक रविवार पुरेल. शिकवू नकोस त्या दिवशी. त्या मुलीबरोबर रांगेत उभी राहा, तिच्या आईशी बोल, पाणी कधी येतं, किती वेळ असतं, मुलं मोकळी कधी असतात. कॅसमध्ये ह्याला इन्व्हेस्टिगेशन म्हणतात आणि ते कृतीच्या आधी करायचं असतं, तुमच्या ग्रुपने ती पायरी ओलांडूनच उडी मारली. तुझी चूक नाही, शाळेने तयार प्रोग्रॅम हातात दिला. पण वेळ बदलून देता येते का हे शिक्षकांना तू विचारू शकतेस, आणि नाही जमलं तर का नाही जमलं हेही लिहू शकतेस.

आणि म्हणूनच ती दिवाळीची ट्रिप मला पटत नाही. डोंगरात जायला माझी ना नाही, सुट्टी म्हणून जा की, मजा कर. पण ज्या वस्तीत तू दर रविवारी जातेस तिथल्या पाण्याची वेळ तुला माहीत नाही, आणि जिथे कधी गेली नाहीस तिथल्या भिंतींना रंग हवाय हे मात्र पैसे भरायच्या आधीच ठरलंय? तुझा अर्धा रंग चप्पलवर सांडणार, आणि तुझ्या ट्रिपच्या पैशात गावातल्याच पेंटरला आठवडाभराची मजुरी मिळाली असती. परदेशातल्या अ‍ॅडमिशनला उपयोग होईल असं आई म्हणत असेल तर एवढंच सांग की तिकडेही अर्ज वाचणारी माणसंच असतात, त्यांच्यासमोर भिंत रंगवल्याच्या फोटोंचा ढीग येत असणार.

आता रिफ्लेक्शन. तू मला पाठवलेल्या नमुन्यात लिहिलंय की ह्या अनुभवाने तुला सहानुभूती आणि नेतृत्वगुण आत्मसात करण्याची अमूल्य संधी मिळाली. वाचून मला झोप आली, कोऑर्डिनेटरला पण येत असेल. एआयला तू रांगेतली ती मुलगी सांगितलीच नाहीस, मग ते बिचारं काय लिहिणार. आणि हे दुसऱ्याकडून लिहून घेऊन स्वतःचं म्हणून देणं शाळेत पकडलं गेलं तर प्रकरण वाढतं, तेही आहेच. पण खरी गोष्ट अशी की तुझं खरं रिफ्लेक्शन तू ऑलरेडी लिहिलंयस, मला, कंसात. ढोलच्या पहिल्या दिवसाचे चार ओळींचे वर्णन, तेही रिफ्लेक्शनच आहे. तेवढंच लिहायचं असतं. काय झालं, मला काय वाटलं, काय कळलं नाही, पुढच्या वेळी काय वेगळं करेन. दर वेळी लिहायलाच हवं असंही नाही, ऑडिओ चालतो, स्केच चालतं, व्हिडिओ चालतो. सरावाहून घरी येताना रिक्षात दोन मिनिटांची व्हॉइस नोट रेकॉर्ड कर. मराठीत बोललं तर चालेल का तेवढं कोऑर्डिनेटरला विचार, आणि जुन्या एआयवाल्या रिफ्लेक्शन्सबद्दल स्वतःहून जाऊन सांग, ती परत लिहून देते म्हण. दहा मिनिटं लाज वाटेल, संपलं.

वेळेचं गणित. तुला टाइमटेबल हवंय, मी देणार नाही, कारण तुझ्या आयए (विषयांची इंटर्नल असेसमेंट्स) कधी, मॉक कधी हे मला माहीत नाही. पण मोजायला कुठून सुरुवात करायची ते सांगते, झोपेपासून. तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात, तू ५ वर जगतेयस, म्हणजे आठवड्याला २१ तासांची उधारी. आधी झोपेचे ५६ तास बाजूला काढ, मग शाळा आणि प्रवास, मग अभ्यास, मग जेवणखाण आणि काहीही न करायचा थोडा वेळ, आणि उरतंय त्यात बाकीचं बसव. बसत नसेल तर काहीतरी सोडायचं आहे, आणि माझं मत विचारशील तर गिटार. कंटाळा आलाय, फी जातेय, फक्त कॉलम निळा राहावा म्हणून चाललंय. बॅडमिंटन गणपतीपर्यंत आठवड्यातून एकदाच ठेव, नंतर परत वाढव. दररोज सरासरी तासभर अंगाला घाम यावा असं तुझ्या वयासाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण त्यात स्टेशनपर्यंत सायकल मारणं, जिने चढणं सगळं आलं, कोर्टच हवं असं नाही. एकदम तिन्हीमध्ये सारखं राहायला कोणी सांगितलेलं नाही, जून ते सप्टेंबर पथक जड असेल, नंतर वस्ती जड होईल, परीक्षेच्या तोंडावर दोन्ही हलकं. १८ महिन्यांचं मिळून बघतात.

नववी-दहावीच्या, किंवा जेईई-नीटच्या क्लासात अडकलेल्या ज्या मुलांनी ह्याच धर्तीची पत्रं पाठवलीयेत (बरीच आहेत, सगळ्यांना उत्तर देता येत नाही, रागवू नका), त्यांना कॅस नाही पण त्रास तोच आहे. तुम्हाला एवढंच म्हणेन, एक गोष्ट धरा आणि ती टिकवा, चार सर्टिफिकेटं नकोत. शेजारच्या काकांना लाइटबिल ऑनलाइन भरायला महिनाभर शिकवलंत तरी ते काम आहे.

आणि आईसाठी. काकू म्हणू की ताई, मला कळत नाहीये, पण तुमची एक्सेल शीट प्रेमाने बनवलेली आहे हे दिसतंय, रंग सुद्धा नीट निवडलेत. ती फेकू नका. तिच्यात फक्त एक कॉलम वाढवा, "मजा आली का?", आणि तो मुलीला भरू द्या. आणि जमलं तर एकदा सरावाला जाऊन लांबून ऐका, कान झाकून का होईना.

तर तू असं कर, ह्या रविवारी १० ला नाही, नळाला पाणी येईल त्या वेळेला जा. कळशी उचलायची वेळ आली तर उचल. पाणी किती वाजता येतं ते मलाही कळव, आणि त्या मुलीचं नाव विचारून ठेव स्वतःसाठी, एवढ्या मोठ्या पत्रात ते कुठेच नाहीये.